ताजा दगड पाहायला रियुनियनला

रियुनियनला जाण्याचे माझे कारण थोडे विचित्र होते. मला ताजा दगड पाहायचा होता. सह्याद्रीत हिंडणाऱ्या माणसाला काळा कातळ नवा नसतो, पण तो कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा म्हातारा आहे आणि त्याचा जन्म कसा झाला असेल, हे पुस्तकातल्या आकृत्यांवरूनच समजून घ्यावे लागते. भूशास्त्रज्ञांची मांडणी अशी, की पृथ्वीच्या पोटातील ज्या उष्ण स्रोतावरून भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत असताना दख्खनच्या लाव्हाचे थर साचले, तोच स्रोत आज मादागास्करच्या पूर्वेला, हिंदी महासागरातल्या या बेटाखाली धगधगतो आहे. मधल्या काळात भूपट्ट सरकत गेले आणि लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस अशा खुणा मागे राहिल्या. म्हणजे ज्या भट्टीतून आपला डोंगर निघाला, ती भट्टी अजून विझलेली नाही आणि तिच्या तोंडापर्यंत पायी जाता येते. एवढे कळल्यावर न जाणे मला शक्य नव्हते. माझ्या पत्नीला दगडांपेक्षा चालण्यात अधिक रस आहे, त्यामुळे बेत ठरायला वेळ लागला नाही.

मॉरिशसहून विमानाने पाऊण तासात रियुनियनला पोहोचता येते, पण दोन्ही बेटांचा स्वभाव अगदी निराळा आहे. रियुनियन हा फ्रान्सचा सागरपार जिल्हा आहे; चलन युरो, कारभार फ्रेंचमध्ये आणि घरात, बाजारात बोलली जाते ती क्रिओल. क्षेत्रफळ जेमतेम २,५१२ चौरस किलोमीटर, आणि एवढ्याशा जागेत समुद्रसपाटीपासून ३,०७० मीटरपर्यंत चढलेला डोंगर. आठ लाखांहून अधिक वस्ती मुख्यतः किनाऱ्याच्या पट्ट्यात दाटलेली आहे, कारण आत सपाट जमीनच फारशी नाही. बेटाचा ४२ टक्के भाग २००७ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०१० मध्ये तिथल्या शिखरांना, कड्यांना आणि खोल खोऱ्यांना युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

बेटाची रचना समजून घेतली की चालण्याचा क्रम आपोआप ठरतो. वायव्येकडचा पितों दे नेझ हा थोरला ज्वालामुखी बारा हजार वर्षांहून अधिक काळ थंड पडलेला आहे, आणि आग्नेयेकडचा पितों द ला फूर्नेझ हा धाकटा जगातील सर्वांत चळवळ्या ज्वालामुखींपैकी एक मानला जातो. थोरल्याच्या कुशीत माफात, सिलाओस आणि सालाझी ही तीन प्रचंड खोरी आहेत. नकाशात ती विवरांसारखी दिसतात, परंतु ती विवरे नव्हेत. डोंगराचे भाग ढासळून आणि उरलेले पावसाने कोरून ती झाली आहेत. आम्ही ठरवले, की आधी म्हातारा दगड पाहायचा आणि मग ताज्याकडे जायचे.

माफात या खोऱ्यात रस्ता नाही. आत उतरायचे तर पायी, नाहीतर हेलिकॉप्टरने. आम्ही सालाझीच्या बाजूने कोल दे बफ, म्हणजे बैलांच्या खिंडीतून, सकाळी सात वाजता आत शिरलो. खिंड सुमारे १,९५० मीटरवर आहे आणि तिथे उभे राहिल्यावर समोर एकामागे एक अशा सुरीसारख्या डोंगरधारा, त्यांच्यामध्ये खोल घळी आणि मधूनच एखाद्या सपाट तुकड्यावर पत्र्याची पाचपन्नास छपरे दिसतात. या तुकड्यांना तिथे ‘इले’ म्हणतात, छोटे बेट या अर्थाने, आणि शब्द अगदी चपखल आहे, कारण एका इलेवरून समोर दिसणाऱ्या दुसऱ्या इलेवर जायला दरी उतरून पुन्हा चढावी लागते आणि त्यात अर्धा दिवस सहज जातो.

उतारावर लाकडी ओंडके आडवे टाकून पायऱ्या केल्या आहेत. त्या पायऱ्या माती वाहून जाऊ नये म्हणून आहेत, माणसाच्या गुडघ्यांचा विचार त्यांत नाही. प्रत्येक ओंडक्यामागची माती झिजून खड्डा झालेला, त्यामुळे पाऊल हवे तिथे न पडता दर वेळी दीड वीत खाली आदळते. तासाभरात माझा उजवा गुडघा बोलू लागला. त्यापुढे मात्र तामारँच्या झाडांचे पठार लागते आणि चालणे एकदम सुखाचे होते. नावावरून मला चिंच अपेक्षित होती. प्रत्यक्षात ही उंचावर वाढणारी, फक्त याच बेटावर आढळणारी बाभळीच्या कुळातील झाडे आहेत. चक्रीवादळांनी आडवी पाडलेली खोडे तशाच अवस्थेत पुन्हा वर वळून वाढली आहेत आणि त्यांच्या अंगावर शेवाळाच्या झिपऱ्या लोंबतात. धुके आले, की दहा पावलांपुढचे झाड कोणत्या बाजूला वाढते आहे ते सांगता येत नाही.

याच पठारावर तेक-तेक भेटला. आपल्याकडच्या गप्पीदासाचा हा बेटावरचा भाऊबंद. चिमणीपेक्षाही लहान, काळसर पाठ आणि छातीवर तांबूस ठिपका. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो, तर तो दीड हातावरच्या ओंडक्यावर येऊन बसला, मान तिरकी करून नाडीकडे पाहिले आणि दोन दगड एकमेकांवर आपटावेत तसा ‘तेक, तेक’ असा आवाज केला. आम्ही चाललो तसा तोही झुडपाझुडपांवरून पुढे चालला आणि त्याची हद्द संपली तिथे थांबला. पुढच्या वळणावर दुसरा हजर होता. माणसाचा पाय जमिनीवरून किडे उडवतो, हे त्यांना ठाऊक असावे.

ला नुव्हेल हे माफातमधील सर्वांत मोठे गाव. मोठे म्हणजे एक शाळा, एक लहानसे चर्च, दोन-तीन दुकाने आणि वाटसरूंना मुक्काम देणारी काही घरे. अशा घरांना ‘झीत’ म्हणतात. तिथली जागा आधी नोंदवावी लागते. आयत्या वेळी पोहोचून पडवीत पथारी टाकण्याची आपली सवय येथे चालत नाही. रात्रीचे जेवण ठरावीक वेळी, लांब टेबलावर सगळ्यांनी एकत्र घ्यायचे: भात, घेवड्यासारख्या दाण्यांची उसळ, टोमॅटोत शिजवलेले सॉसेज किंवा कोंबडीची ‘कारी’ आणि तिखट चटणी. आम्ही मांसाहार टाळतो, असे मी मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये सांगितल्यावर मालकीणबाईंनी मला नीट न्याहाळले आणि “तुम्ही मालबार का?” असे विचारले. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर कराराने आणलेल्या, बहुतांशी तमिळ असलेल्या मजुरांच्या वंशजांना येथे मालबार म्हणतात. मी नाही म्हटले, तरी उसळ दुप्पट वाढली गेली.

पत्र्यावर सौर पाट्या, अंगणात गॅसच्या टाक्या आणि कोपऱ्यात सिमेंटच्या गोण्या, हे सगळे हेलिकॉप्टरला टांगून आणलेले. कचराही तसाच वर जातो. सकाळी आठपासून पर्यटकांना खोरे दाखवणारी हेलिकॉप्टरेही घिरट्या घालू लागतात आणि त्यांचा आवाज कड्यांत घुमत राहतो. सिमेंट आणणाऱ्या हेलिकॉप्टरबद्दल माझी तक्रार नाही. दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. जी दरी ओलांडायला आम्हाला चार तास लागले, ती चार मिनिटांत डोळ्यांखालून काढण्यात काय पाहून होते, हे मला खरोखर समजले नाही.

या खोऱ्यात माणसे का राहिली, याचे उत्तर सुखद नाही. सतराव्या शतकापर्यंत बेटावर कायमची वस्ती नव्हती. फ्रेंचांनी कॉफीच्या आणि पुढे उसाच्या लागवडीसाठी मादागास्करहून आणि आफ्रिकेहून गुलाम आणले. त्यातले जे पळाले, ते या कड्यांआड दडले. त्यांना पकडण्यासाठी सशस्त्र टोळ्या पाठवल्या जात. माफात हे नाव अशाच एका पळालेल्या म्होरक्याचे आहे आणि सिलाओसचा उगम ‘जिथून निघावेसे वाटत नाही अशी जागा’ या अर्थाच्या मालागासी शब्दात सांगितला जातो. राजवाडे, चौक आणि पुतळे जेत्यांच्या नावाचे असतात, पण येथे डोंगर आणि खोरी पळालेल्यांच्या नावाची आहेत. २० डिसेंबर १८४८ रोजी बेटावर गुलामगिरी संपली आणि त्यानंतर किनाऱ्यावर जमीन न मिळालेले गरीब गोरे शेतकरीही वर आले. आज खोऱ्यात राहणारी सातआठशे माणसे या दोन्ही प्रवाहांची आहेत. जमीन मात्र त्यांच्या मालकीची नाही, ती सरकारी वनखात्याकडून भाड्याने कसायची.

दुसऱ्या दिवशी ला नुव्हेलहून त्रुआ रोश आणि तिथून मार्ला असे चाललो. त्रुआ रोशला नदीचे पात्र राखाडी कातळाच्या सपाट फरशीवरून येते आणि अचानक दोन हात रुंद भेगेत कोसळते. भेगेच्या काठाशी पोटावर आडवे होऊन खाली पाहिले, तर तळ दिसत नाही. फक्त आवाज आणि गार वारा वर येतो. या नदीचे नाव ‘गोट्यांची नदी’ असे आहे. तो कातळ मी हाताने चाचपून पाहिला. भेगांत पांढरी खनिजे भरलेली, कडा गोलावलेल्या, पृष्ठभाग सुटून हाताला राखाडी भुकटी लागते. आपल्याकडच्या ओढ्यातला दगड असाच असतो. त्याचे वय आपल्या दगडाच्या तीस-चाळीसाव्या हिश्श्याचेही नाही, तरी त्याला म्हातारपण आले आहे, आणि ते पावसामुळे आले आहे.

त्या पावसाबद्दल थोडे सांगितलेच पाहिजे. जानेवारी १९६६ मध्ये एका चक्रीवादळात या बेटावरील फोक-फोक येथे चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला आणि फेब्रुवारी २००७ मध्ये गामेद या चक्रीवादळात कोमेर्सों विवरापाशी तीन दिवसांत ३,९३० मिलिमीटर पडला. दोन्ही आकडे जागतिक उच्चांक आहेत. कोकणात एका उत्तम पावसाळ्यात पडतो त्याहून अधिक पाऊस तीन दिवसांत, तोही उभ्या कड्यांवर. डोंगर उरला याचेच नवल वाटावे. चालायला जाणाऱ्यांनी मे ते नोव्हेंबर हा कोरडा काळ निवडावा. आम्ही सप्टेंबर निवडला होता.

मार्लाहून २,०८१ मीटरवरची ताइबित खिंड ओलांडून सिलाओसच्या बाजूला उतरलो. सिलाओसला गाडीरस्ता आहे, पण त्याला चारशे वळणे आहेत असे म्हणतात आणि ती मोजण्याच्या मनःस्थितीत बसमधला कोणीही प्रवासी नसतो. रस्ता होण्यापूर्वी येथील गरम पाण्याच्या झऱ्यांवर उपचारासाठी येणाऱ्या श्रीमंतांना भोई खुर्चीत बसवून वर आणत. मसुरीची शेते आणि सुईने विणलेल्या नक्षीदार जाळ्या यांसाठी हे गाव ओळखले जाते. आम्ही गुडघ्यासाठी एक दिवस तिथे थांबलो आणि तो दिवस सत्कारणी लागला.

पितों दे नेझची चढण सरळसोट आहे. गावाबाहेरून निघून अकराशे मीटर चढले, की काव्हेर्न द्युफूरचे झीत लागते. तिथे रात्र काढून पहाटे साडेतीनला विजेरी डोक्याला बांधून निघायचे. झाडे मागेच संपलेली असतात. उरतो तो खडखडीत, सैल दगडांचा घसारा आणि पुढच्या माणसाच्या टाचा. माथ्यावर वाऱ्याने बोटे बधिर झाली. हातमोजे मी खाली सामानात ठेवून आलो होतो, म्हणून सूर्योदय मी हात काखेत घालून पाहिला. खरे सांगायचे तर सूर्योदय सगळ्या डोंगरांवर साधारण सारखाच असतो. पाहण्यासारखी गोष्ट पाठीमागे होती. डोंगराची सावली पश्चिमेला ढगांवर आणि समुद्रावर पडली होती, रेखून काढावी तशी त्रिकोणी, आणि सूर्य वर येत गेला तशी ती मिटत मिटत आमच्या पायांकडे आली. पन्नास माणसे उगवतीकडे कॅमेरे लावून उभी होती आणि सावलीकडे पाहणारे आम्ही चौघेपाचजण होतो.

आग्नेयेला ढगांच्या वर फूर्नेझचा घुमट दिसत होता, गवत नसलेला, एकाच काळ्या रंगाचा.

फूर्नेझच्या बाबतीत पहिला दिवस मी वाया घालवला. ‘येथे नऊ-दहाच्या सुमाराला ढग चढतात, पहाटे निघा’ असे मुक्कामाच्या घरी दोनदा बजावले असतानाही, न्याहरी बुडू नये म्हणून आम्ही उशिरा निघालो. प्लेन दे साब्ल या वाळूच्या पठारापर्यंत तांबूस, उजाड, मंगळाच्या छायाचित्रांसारखा प्रदेश लख्ख दिसला आणि पा द बेलकोंबच्या कड्यावर पोहोचलो तेव्हा समोर पांढरी भिंत होती. तासभर थांबून परतलो. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, उपाशीपोटी, पुन्हा हजर झालो.

२,३११ मीटरवरच्या या कड्यापाशी एक फाटक आहे. ज्वालामुखी जागा होण्याची चिन्हे दिसली, की ते बंद होते आणि मग कोणालाही खाली उतरता येत नाही. चिन्हे पाहण्याचे काम बुर-म्युरा येथील वेधशाळा करते. ती १९७९ मध्ये सुरू झाली आणि तिला कारण झाले १९७७. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये लाव्हा नेहमीच्या, कड्यांनी वेढलेल्या निर्जन कोंडाळ्याबाहेर फुटून पितों-सेंत-रोझ गावात शिरला. घरे जळाली, पण चर्चच्या दारातून थोडा आत येऊन तो थांबला आणि बाकीचा दोन्ही बाजूंनी निघून गेला. ते चर्च आज ‘लाव्हाची माउली’ या नावाने ओळखले जाते. ही गोष्ट सांगताना तिथला माणूस आवाज खाली आणतो.

फाटकातून पाचशेहून अधिक पायऱ्या उतरल्या, की आपण कोंडाळ्याच्या तळाशी येतो आणि तिथे, इतक्या दिवसांनंतर, मला हवा असलेला दगड पायाखाली आला. पहिली गोष्ट लक्षात आली ती आवाजाची. जुना कातळ पावलाला उत्तर देत नाही, हा देतो. पातळ कवचाखाली पोकळी असेल तिथे माठावर टिचकी मारल्यासारखा, आणि सुटा चुरा असेल तिथे फुटक्या काचेसारखा. काही ठिकाणी लाव्हा थिजताना सुरकुतला आहे आणि त्याचे पीळ एकाशेजारी एक असे पडले आहेत, जणू विहिरीचा सोल गुंडाळून ठेवला आहे. हात ठेवून उठायला गेलो, तर तळव्याला चार ओरखडे आले. धार अजून गेलेली नव्हती. वाटेत फॉर्मिका लेओ नावाची तांबूस टेकडी लागते. मुंग्या पकडण्यासाठी मातीत नरसाळ्यासारखा खड्डा करून बसणाऱ्या किड्याचे नाव तिला दिले आहे. ती १७५३ च्या उद्रेकात तयार झाली. अडीचशे वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी तिच्यावर बोटाएवढी झुडपेही तुरळकच.

वाट म्हणजे दगडांवर टाकलेले पांढऱ्या रंगाचे ठिपके. धुक्यात त्यांच्याशिवाय दुसरा आधार नाही, आणि ते सोडून जाऊ नये असे सर्वत्र लिहिलेले का असते, ते वीस पावले बाजूला जाऊन पाहिल्यावर कळले: मागे वळलो तर सगळीकडे एकच एक काळे. माथ्यावरच्या दोलोमिय विवराचा काठ गाठायला सुमारे अडीच तास लागले. एप्रिल २००७ मध्ये विवराचा तळ काही दिवसांत तीनशेहून अधिक मीटर खचला. खालून, बरेच दूर, समुद्राच्या बाजूला लाव्हा बाहेर पडत होता आणि खालचा आधार गेल्यामुळे माथा आत बसला. काठावरून दिसते ती उभी, थरांची भिंत. एकावर एक, तांबूस आणि काळे, शेकडो पातळ थर. सह्याद्रीच्या कड्यावर आपण हेच थर पाहतो. फक्त तिथे ते प्रचंड जाडीचे आणि झाडीने झाकलेले आहेत, येथे एखाद्या कापलेल्या वहीसारखे उघडे. पत्नीने विचारले, “पाहिलास का तुझा ताजा दगड?” मी हो म्हटले, पण तो यापेक्षाही ताजा खाली किनाऱ्यावर होता.

शेवटच्या दिवशी बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या ग्रां ब्रुले, म्हणजे ‘मोठे जळीत’, या उतारावर गेलो. फूर्नेझचा लाव्हा समुद्राकडे येतो तो येथून आणि राष्ट्रीय महामार्ग याच उतारावरून आडवा जातो. लाव्हा आला, की रस्ता तुटतो. थंड झाला, की त्याच्यावरून पुन्हा बांधतात. रस्त्याच्या कडेला प्रत्येक ओघाच्या वर्षाची पाटी आहे, त्यामुळे दोन-तीन तासांत दगडाची बाल्यावस्था क्रमाने वाचता येते. अलीकडच्या ओघांवर फक्त राखाडी-पांढुरक्या दगडफुलाचा थर, लांबून धूळ बसल्यासारखा दिसणारा. त्याआधीच्या ओघांवर भेगाभेगांतून नेचे. आणखी जुन्यांवर झुडपे, आणि पाटी पार गंजलेली असेल तिथे जंगल. उंचावरच्या कोरड्या थंडीत फॉर्मिका लेओ अडीच शतके जवळजवळ बोडकी राहते, आणि येथे ओल्या किनाऱ्यावर पन्नास-साठ वर्षांत दगडाला झाकायला सुरुवात होते. वय वर्षांत मोजायचे की पावसात, असा प्रश्न मला तिथे पहिल्यांदा पडला.

२००७ चा ओघ सर्वांत रुंद आणि उंच. त्याने समुद्रात नवी जमीन टाकली. बसचालक म्हणाला, की पुढे कित्येक वर्षे पाऊस पडला की त्या दगडातून वाफा निघत आणि शाळेत जाणारी त्याची मुलगी याच्यापेक्षा मोठी आहे. मी गुडघे टेकून एक तुकडा उचलून पाहिला आणि जागच्या जागी ठेवला. उद्यानातून दगड आणायचा नाही. त्यात बाटलीच्या काचेसारखे हिरवे कण चमकत होते. ऑलिव्हिन हे खनिज. इतके भरपूर, की दगड काळा म्हणावा की हिरवा, असे वाटावे.

मुक्कामी परत आल्यावर बूट नळाखाली धरले. आधी माफातची तांबडी माती गेली, मग पितों दे नेझची राखाडी भुकटी. शेवटी तळव्यांच्या खाचांतून बारीक काळी रेती निघाली आणि तिच्यात ते हिरवे कण होते. पत्नीने मोरीच्या जाळीवर बोट ठेवून पाणी थांबवले आणि आम्ही दोघे ते मोजत बसलो. अकरा भरले.